कर घ्या, पण आधी सांगून घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली



परदेशी संकेतस्थळावरून एखादी वस्तू स्वतःच्या वापरासाठी मागवणाऱ्या ग्राहकांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. करमाफी मला नको आहे. भिवंडीचा यंत्रमागवाला जीएसटी भरून कापड विकतो, आमच्या पेठेतला भांड्यांचा दुकानदार जीएसटी भरून भांडी विकतो. त्यांच्या डोळ्यांदेखत परदेशातला माल बिनकराचा घरोघर पोहोचावा, हे न्यायाचे नाही. डिसेंबर २०१९ पर्यंत पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त येत असे. काही चिनी ई-कॉमर्स कंपन्या विकलेला मालच ‘भेट’ म्हणून छोट्या छोट्या पाकिटांतून पाठवू लागल्या, तेव्हा परकीय व्यापार महासंचालनालयाने ते दार बंद केले. योग्यच केले. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढ्यांनाच मोकळीक राहिली, आणि राखीबरोबरच्या भेटवस्तूला ती नाही हेही त्या अधिसूचनेत कंसात लिहून ठेवले. सरकारला नियम इतके नेमके लिहिता येतात, म्हणूनच आपल्याकडे एक नेमकी मागणी करते. आमच्याकडून जो कर घ्यायचा, तो वस्तू मागवण्याआधी आम्हाला कळू द्या. आणि घेतल्यावर तो कसा मोजला हे दाखवा.

परदेशातून पार्सल मागवणारा म्हणजे चैनीला सोकावलेला, असा समज सरकारी दफ्तरांत असावा अशी शंका मला अनेकदा येते. आम्ही काही जण सातारा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवतो. चांगला आयपीस, सूर्याचे डाग पाहण्यासाठीचा सुरक्षित फिल्टर या गोष्टी जवळच्या बाजारात सहज मिळत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका शिंप्याने जुन्या शिलाई यंत्राचा बंद झालेला भाग बाहेरून मागवला. कोणी श्रवणयंत्राचा सुटा भाग मागवतो, कोणी इथे न मिळणारे संशोधनाचे पुस्तक. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, तर लोक श्वास मागवत होते. व्यक्तिगत वापरासाठी भेट म्हणून आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर तेव्हा १२ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी, होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे रोजी तो घटनाबाह्य ठरवला आणि १ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वादात मी शिरत नाही. पण ‘व्यक्तिगत वापर’ या एका रकान्यात किती वेगवेगळी माणसे बसलेली असतात, ते त्या दिवसांत सगळ्या देशाने पाहिले.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. पैसे कार्डाने आधीच गेलेले असतात. पार्सल मुंबईला उतरते आणि ‘कस्टम्समध्ये आहे’ एवढीच ओळ कित्येक दिवस फोनवर दिसत राहते. मग एका अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो: आधार किंवा पॅन पाठवा. त्यानंतर दुसरा: या दुव्यावर इतके रुपये भरा. रकमेपुढे ‘ड्युटी अँड टॅक्सेस’ असे तीन शब्द असतात, बाकी काही नाही. काही वेळा हेही कळत नाही, थेट दारात आलेला मुलगा आकडा सांगतो. त्या बिचाऱ्याला विचारून काय उपयोग? त्याच्या हातात यंत्र असते आणि यंत्रावर आकडा. एका आयपीसच्या वेळी मी आकडा मुकाट्याने भरला, आणि वस्तू हाती पडून बरेच दिवस झाल्यावर कुरिअर कंपनीचे वेगळे बिल आले. ‘तुमच्या वतीने कर भरल्याबद्दल’ सेवाशुल्क आणि त्यावर पुन्हा जीएसटी. हिशेब मागितला तर कंपनी म्हणाली, कस्टम्सने लावला. कस्टम्सच्या मदतवाहिनीवर उत्तर मिळाले, कुरिअरला विचारा. कायद्याच्या लेखी आयातदार मी असते, कर माझ्या नावावर भरला जातो, पण माझ्या नावाने दाखल झालेले बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे विवरणपत्र, मला मागूनही वेळेवर मिळत नाही.

हा कागद का हवा, ते एका उदाहरणाने मांडते. समजा वस्तू ८,००० रुपयांची आहे आणि कुरिअरचे ३,००० रुपये मी विक्रेत्याला दिले. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा तीत मिळवून मग लागते. पण २००७ च्या मूल्यांकन नियमांत ग्राहकाच्या हिताची एक तरतूद आहे: माल विमानाने आला असेल तर वाहतूक खर्च किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही. म्हणजे माझे ३,००० नव्हे, १,६०० रुपयेच मिळवायचे. विमा बाजूला ठेवू. मूल्य झाले ९,६०० रुपये. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरले तर ९६० रुपये. त्या ९६० वर १० टक्के समाजकल्याण अधिभार असेल, तर ९६ रुपये. या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे १०,६५६ रुपयांवर, १८ टक्के आयजीएसटी धरला तर सुमारे १,९१८ रुपये. एकूण कर २,९७४ रुपये. कुणी चुकून पूर्ण ३,००० रुपये वाहतूक धरली, तर हाच आकडा ३,४०८ च्या आसपास जातो. चारशेहून अधिक रुपयांचा फरक, आणि मला दिसतात ते तीनच शब्द: ‘ड्युटी अँड टॅक्सेस’. नियम चांगला आहे. तो पाळला की नाही, हे ज्याच्यासाठी केला त्यालाच तपासता येत नाही.

दरांबद्दल सरकारने अलीकडे जे केले त्याचे मी मनापासून स्वागत करते. २०२६ च्या अर्थसंकल्पात व्यक्तिगत वापरासाठी येणाऱ्या वस्तूंवरील सीमाशुल्काचा दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. पण ज्याला आधीचाच कर किती होता ते माहीत नव्हते, त्याला तो कमी झाल्याचे समाधान कसे मिळणार?

महोदय, या अपारदर्शकतेचा सर्वांत मोठा फायदा भामट्यांना होतो आहे, आणि या पत्राचे खरे कारण ते आहे. ‘तुमचे पार्सल कस्टम्सने अडवले आहे, इतके पैसे भरा’ हा फोन आज गावोगाव येतो. कधी पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची धमकी असते, कधी परदेशी मित्राने पाठवलेल्या सोन्याच्या भेटीचे आमिष. निवृत्तिवेतनाची जमा पुंजी त्यात गेलेली माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीत आहेत. आपल्या मंडळाने वारंवार इशारे दिले आहेत की खासगी खात्यावर शुल्क भरायला सीमाशुल्क विभाग कधी सांगत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून मंडळाच्या पत्रव्यवहारावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असतो आणि तो संकेतस्थळावर पडताळता येतो. व्यवस्था उत्तम आहे. अडचण अशी की मला आलेला खरा संदेशही सरकारकडून आलेला नव्हता. तो कुरिअरकडून आला, अनोळखी क्रमांकावरून आला, त्यात आधार मागितला होता, पैसे भरायचा दुवा होता आणि डीआयएन नव्हता. खरा संदेश आणि खोटा संदेश समोरासमोर ठेवले तर माझ्या आईला फरक सांगता येणार नाही. मलाही येईल याची खात्री नाही. लोकांना सावध राहायला सांगायचे आणि त्याच वेळी अनोळखी दुव्यावर पैसे भरायची सवय लावायची, या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत. वस्तू मागवतानाच कर भरून झाला असेल, तर नंतर आलेली प्रत्येक मागणी खोटी आहे हे शाळकरी पोरालाही कळेल. फसवणूक रोखण्याचा याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

परतीचे तर विचारूच नका. बूट मापाचे निघाले नाहीत, भिंग तडकलेले आले, विक्रेता म्हणतो परत पाठवा, पैसे देतो. पैसे वस्तूचे मिळतात, कराचे काय? सीमाशुल्क कायद्याचे कलम २६-अ सदोष किंवा मागणीप्रमाणे नसलेला माल परत निर्यात केला तर शुल्क परत द्यायला सांगते. पण त्यासाठी माल सोडल्यापासून साधारण ३० दिवसांत, अधिकाऱ्याच्या तपासणीसह, रीतसर निर्यात व्हावी लागते. घरगुती ग्राहक विक्रेत्याने पाठवलेले लेबल चिकटवून खोके कुरिअरवाल्याच्या हाती देतो आणि तिथेच त्याचा हक्क संपतो. आकारणी चुकली असे वाटले तर कलम १२८ खाली आयुक्तांकडे (अपील) ६० दिवसांत दाद मागता येते. चारशे रुपयांसाठी साताऱ्याहून मुंबईला कोण अपील करील? ही कलमे जहाजाने माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. एका खोक्याच्या आयातदाराला एका पानाचा अर्ज हवा, तोही त्याला वाचता येईल अशा भाषेत.

‘हे सांगणे सोपे आहे, करणे कठीण’ असे कुणी म्हणेल, तर मी २०२५ च्या दिवाळीची आठवण देईन. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली. भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सले थांबवावी लागली. न्यू जर्सीतल्या लेकीला चकल्या-अनारसे पाठवू पाहणाऱ्या आईबापांचे डबे घरातच राहिले. मग १५ ऑक्टोबरपासून, दिवाळी तोंडावर आली असताना, सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या पद्धतीने: घोषित किमतीवर त्या वेळी लागू असलेले ५० टक्के अमेरिकी शुल्क पाठवणाऱ्याने इथेच, टपाल कार्यालयाच्या खिडकीवर भरायचे. दर जबर होता. तरी खिडकीवर आकडा कळत होता, पावती मिळत होती आणि पाठवायचे की नाही हे ठरवता येत होते. दुसऱ्या देशाचा कर आगाऊ वसूल करून त्या देशापर्यंत पोहोचवणे आपल्या टपाल खात्याला काही आठवड्यांत जमले. मग आपलाच कर, आपल्याच ग्राहकाकडून, आगाऊ आणि सांगून घेणे आपल्याला का जमू नये?

इतरांनी ते केले आहे. ऑस्ट्रेलिया २०१८ पासून कमी किमतीच्या आयात मालावरचा जीएसटी विक्रेत्याकडूनच घेतो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून १५० युरोपर्यंतच्या पार्सलांवरील व्हॅट खरेदीच्या वेळीच घेण्यासाठी विक्रेत्यांना एकच नोंदणी खुली केली. सिंगापूर २०२३ पासून त्याच वाटेने गेले. आणि आपल्याकडे तरी हे तत्त्व नवे कुठे आहे? परदेशी कंपनीची चित्रपट-मालिकांची वर्गणी घेताना तिच्यावरचा जीएसटी बिलातच असतो, कारण त्या कंपन्यांना २०१७ पासून इथे नोंदणी करून तो भरावा लागतो. अदृश्य सेवेवरचा कर आधी सांगता येतो, मग पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा का नाही? काही मोठी संकेतस्थळे आजही आयात शुल्काची अंदाजी रक्कम आधीच घेतात आणि उरलेली परत करतात. म्हणजे गणित जमते. ते सर्वांवर बंधनकारक नाही, एवढेच.

मंडळाने ऑगस्ट २०२१ मध्ये सीमाशुल्काची माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले. मी ते वापरून पाहिले आहे. जाणकाराला ते फार उपयोगी आहे. पण तिथे वस्तूचे शुल्कशीर्षक किंवा वर्णन द्यावे लागते, आणि दुर्बिणीचा आयपीस कोणत्या आठ आकड्यांखाली बसतो हे ठरवताना जाणकारांतही मतभेद होतील. घरगुती ग्राहकासाठी वेगळे, साधे पान करा: कोणती वस्तू, किती किमतीची, वाहतूक किती. खाली आकडा, आणि तो कसा आला ते. मराठीत करा, कोकणीत करा, कन्नडमध्ये करा. त्या पानाने दिलेला आकडा काही दिवस मंडळावर बंधनकारक ठेवा, म्हणजे ‘अंदाज’ या शब्दाआड कुणाला लपता येणार नाही.

मोठ्या विक्रेत्यांची नोंदणी आणि कायद्यातले बदल यांना वेळ लागेल, हे मी समजू शकते. पण दोन गोष्टी केवळ एका परिपत्रकाने होतील. कुरिअर कंपनीने शुल्क मागताना त्याच संदेशात मूल्य, विनिमय दर, वाहतूक खर्च, प्रत्येक कराचा दर आणि स्वतःचे सेवाशुल्क वेगवेगळे दाखवले पाहिजे, आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत ग्राहकाला न मागता मिळाली पाहिजे. शिवाय पैसे भरायची जागा सरकारी संकेतस्थळावर, पडताळता येणाऱ्या क्रमांकासह असली पाहिजे, म्हणजे दुवा कुणाचाही आला तरी माणूस तिथेच जाऊन भरील. दिवाळीच्या आधी पार्सले वाढतात आणि भामट्यांचे फोनही वाढतात. ते परिपत्रक त्याआधी निघावे, ही विनंती.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक ग्राहक आणि करदाती