फुकटची फिटिंग

‘फिटिंग फ्री’ अशी पाटी दिसली की गाडीचा वेग वाढवावा. नगर रोडला वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत अशा पाट्यांचा सुकाळ आहे. दारात सीट कव्हरं टांगलेली, काचेमागे नऊ-दहा इंची पडदे ओळीने चालू आणि आत स्टुलावर एक पोरगा. त्याच्या हातात मल्टिमीटर नसतो. पक्कड असते, कटर असतो, आणि दोन्ही सापडले नाहीत तर दात असतातच.

मी वढू बुद्रुकचा. आयटीआयला वायरमन केलं, म्हणून गावातल्या कुठल्याही गाडीला लहर आली की ती आधी माझ्या अंगणात येऊन उभी राहते. सकाळी बॅटरी उतरलेली. इंडिकेटर दिला की स्पीकरमध्ये टकटक. मागचा कॅमेरा गाडी पुढे जाताना सुरू होतो. मी बॉनेट उघडत नाही. ‘टेप कधी बदललास?’ एवढंच विचारतो आणि समोरचा चपलेकडे बघायला लागतो.

आता लगेच कोणी असं समजू नये, की कंपनीचा टेप काढून बाहेरचा बसवण्याला माझी हरकत आहे. अजिबात नाही. शिकागोच्या गाल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, मोटोरोला हे नाव त्यातूनच आलं, आणि तोही गाडी घेतल्यावर वेगळाच बसवून घ्यावा लागे. आपल्याकडे कुर्ल्याला बनणारी पद्मिनी असो की अ‍ॅम्बेसेडर, तिच्यात जे काय वाजायचं ते मालकाने बाहेरून आणलेलं. ‘कंपनी फिटिंग’चं कौतुक अगदी कालपरवाचं आहे. आणि त्या कंपनीची दानत तरी काय? बेस मॉडेलमध्ये टेपच्या जागी प्लास्टिकचं झाकण. पडदा पाहिजे? मग वरचं मॉडेल घ्या, सोबत नको असलेली अलॉय व्हील आणि सनरूफही घ्या. शेतकऱ्याच्या पोराने बेस मॉडेल घेऊन बाहेरून पडदा टाकला तर त्यात त्याचं काही चुकत नाही. वाघोलीच्या कोंडीत रोज सकाळी अडकणाऱ्याने गाणी तरी चांगली का ऐकू नयेत?

माझं भांडण कात्रीशी आहे.

कंपनीचा टेप बाहेर ओढा. मागे प्लास्टिकचे ठोकळे दिसतील, त्यांना कपलर म्हणतात. एका बाजूला गाडीची वायरिंग, दुसऱ्या बाजूला टेप, मध्ये खटका. दाबला की सुटतं, बसवलं की ‘टक’ वाजतं. बाहेरच्या टेपलाही स्वतःचा कपलर असतो, फक्त आकार वेगळा. या दोघांची सोयरीक जुळवणारा जोड-कपलर बाजारात मिळतो. एका टोकाला तुमच्या गाडीचा आकार, दुसऱ्या टोकाला टेपचा. साध्या गाडीचा दोन-चारशे रुपयांत येतो. तो लावला तर गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या वाटलं तर जुना टेप पाच मिनिटांत परत जागेवर.

दुकानातला पोरगा काय करतो? ‘कपलर कशाला, काका? डायरेक्ट करतो. दहा मिनिटं.’ दहासुद्धा लागत नाहीत. गाडीचा कपलर कापून ठोकळा डब्यात. वायरची टोकं दाताने सोलायची, दोन बोटांत पीळ द्यायचा, वर काळी चिकटपट्टी. सोल्डर नाही, क्रिंप नाही, उष्णतेने आवळणारी नळी नाही. पुढच्या वैशाखात गाडी उन्हात उभी राहिली की त्या पट्टीचा डिंक पाघळतो, पट्टी सुटून सरकते आणि उघडा तांब्याचा पीळ डॅशबोर्डच्या लोखंडाला घासत बसतो. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो. पोराने फ्यूजच्या जागी तार घातली असेल तर मग काय उडेल ते सांगता येत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही वायरिंग आकाशातून पडत नाही. चाकणच्या पट्ट्यात वायरिंग हार्नेसचे कारखाने आहेत आणि तिथे आपल्याच भागातल्या पोरी पाळ्यांवर उभ्या असतात. एक-एक वायर बोर्डवरच्या खुंट्यांतून ओढायची, टर्मिनल मशीनवर दाबायचं, ते ओढून निसटत नाही याची चाचणी, मग पूर्ण हार्नेस टेस्टिंग बोर्डवर. एक पिन इकडची तिकडे गेली तर अख्खा माल बाजूला. अशी बनलेली वायरिंग इकडे रांजणगावात किंवा आणखी कुठे गाडीत बसते आणि नगर रोडला कोणाचा तरी भाऊ ती दातांनी सोलतो.

रंगांचं बोलू. बाहेरच्या टेपची पिवळी वायर कायम बॅटरीवर, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल वायर चावीवर, म्हणजे चावी फिरवली की टेप जागा, काढली की झोपला. काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या चार स्पीकरांच्या जोड्या, काळी रेघ असलेली वायर त्यातली वजा. एवढं पाठ करायला चौथीची अक्कल पुरते. पण गाडीकडच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत कायमची आणि चावीची लाइन नेहमीपेक्षा उलट. ते मीटर लावून बघावं लागतं. पोरगा बघत नाही, पिवळी आणि लाल एकत्र पिळून टाकतो. टेप सुरू होतो, गाणं वाजतं, मालक खूश. चावी काढली तरी आतला अँड्रॉइड मात्र जागाच. अर्धा अँपिअर खातोय असं धरलं, तरी लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ७० तासांत कोरडी, आणि सेल्फ मारायची ताकद त्याच्या कितीतरी आधीच गेलेली. लग्नाला जाऊन आलेला माणूस मग बॅटरीवाल्याला शिव्या देतो.

निळी वायर तर कोणी मोजतच नाही. कित्येक गाड्यांच्या छपरावरच्या अँटेनात छोटा अँप्लिफायर असतो, त्याला टेपकडून १२ व्होल्ट जावे लागतात. निळी वायर मोकळी सोडली की एफएम पुलाखाली गेल्यासारखं खरखरतं. आणि मीडियम वेव्ह? ७९२ किलोहर्ट्झवर पुण्याची आकाशवाणी ऐकत शेतावर जाणारी पिढी अजून जिवंत आहे हे पडदेवाल्यांच्या गावीही नाही. स्वस्तातल्या पडद्याच्या पोटात जी इलेक्ट्रॉनिक कुरबुर चालते, ती मीडियम वेव्हला धड कानावर पडूच देत नाही. आमच्या गल्लीतल्या एका आबांनी नातवाने बसवलेला दहा इंची पडदा सरळ बंद ठेवलाय. खिशातला ट्रान्झिस्टर डॅशबोर्डवर ठेवून बातम्या ऐकतात. शहाणा माणूस.

आता वॅट. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘५० वॅट × ४’. गाडी चालू असताना मिळतात साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. १४.४ चा वर्ग करा, चारने भागा, बावन्नच्या आसपास येतं. ते पन्नास आले कुठून हे कळलं? लहर पूर्ण चेपून, वरखाली सपाट करून जेवढं रेटता येईल तेवढं. त्या अवस्थेत वाजतं ते गाणं नसतं, पत्र्याचं पिंप असतं. टीडीए ७३८८ ही अशा टेपांत सर्रास सापडणारी आयसी. ती बनवणारेच सांगतात, १४.४ व्होल्टला २६ वॅट, तेही दहा टक्के विकृतीसह. टेपच्या पाठीवर फ्यूज बघा, १० किंवा १५ अँपिअरचा. त्यातून दोनशे वॅटचा आवाज काढणं म्हणजे अर्धा इंची पाइपातून विहीर उपसणं. पण आमचा गडी विचारतो, ‘वॅट किती?’ आणि दुकानदार आकडा सांगतो. दोघंही समाधानी.

पडद्याचंही तसंच. सेटिंगमध्ये अँड्रॉइड अमुक, रॅम तमुक असं लिहून येतं म्हणजे ते असतंच असं नाही. तो आकडा हवा तसा दाखवायची सोय बनवणाऱ्यानेच करून ठेवलेली असते.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? फाल्गुन अमावास्येला, शंभूराजांच्या पुण्यतिथीला वढूत या. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ लागल्यापासून तर एरवीही गर्दी असते. पार्किंगमध्ये चारही दारं सताड उघडी, डिकीत वूफर, आणि समाधीकडे पाठ करून पोरं आवाज वाढवतायत. राजांना ते ऐकू जावं अशी इच्छा असेल बहुधा. शेजारच्या घरातलं तान्हं मात्र नक्की ऐकतं.

दोष एकट्या पोराचा नाही. त्याला दुकानदार महिन्याला किती देतो आणि दिवसाला किती गाड्या उरकायला लावतो ते मला ठाऊक आहे. खरा बाजार मांडतो तो ग्राहक. माझाच पुतण्या, पंधरा हजारांचा पडदा घेतला, मी बजावलं होतं की कपलर मागून घे. संध्याकाळी आला तो तोऱ्यातच. ‘तात्या, त्याने कपलरचे साडेतीनशे सांगितले होते, मी उडवून लावले.’ काय उडवून लावलं? ज्या एका वस्तूवर गाडीची सुरक्षितता उभी, तेवढीच नेमकी याने घासाघीस करून कमी केली. वर काचेला काळी फिल्म आणि गिअरला चकाकता गोळा मात्र घेतला.

या कात्रीचा सर्वांत मोठा फायदा होतो तो कंपनीला, आणि हे कोणी ध्यानात घेत नाही. बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली, हा बागुलबुवा कंपन्या वर्षानुवर्षं दाखवत आल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींवर दंड ठोठावला, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्यांना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात बजावलं, की बाहेरच्या मेकॅनिककडे गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालायची नाही. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण मुद्दा ग्राहकाच्या बाजूचा होता. आता तुम्ही सर्व्हिस सेंटरला गाडी नेली आणि सुपरवायझरने पॅनेल उघडून चिकटपट्टीचा तो गोंडा बाहेर काढून दाखवला, तर कुठल्या तोंडाने भांडणार? अखंड वायरिंग असती तर ‘दाखवा, टेपने काय बिघडवलं’ असं छातीठोक विचारता आलं असतं. कापलेली वायर म्हणजे कंपनीला आयतंच कोलीत. मग एअरबॅगचा दिवा लागो की पॉवर विंडो अडको, बोट त्या गोंड्याकडेच. विम्याचा सर्व्हेयर आला तरी तेच.

नव्या गाड्यांत तर भानगड आणखी वाढली. बॉशने १९८६ साली पुढे आणलेली कॅन नावाची पद्धत आता जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. दोन वायरींवर सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स, कित्येक गाड्यांत दारं उघडी असल्याची सूचनासुद्धा त्याच वाटेने टेपपर्यंत येते. तिथे जोड-कपलरसोबत कॅनचा वेगळा डबा लागतो, त्याचे पैसे जास्त, आणि त्या दोन वायरींना कटर लावणाऱ्याच्या हातून गाडी काढून घ्यावी, मधेच, टेप अर्धवट लटकत असला तरी.

तर आधी मल्टिमीटर बघा, मग पडदा. कपलर आहे का विचारा. नाही म्हणाला तर मागवून घ्या, चार दिवस थांबा, गाण्यावाचून कोणी मेलेलं नाही. स्वतः शेजारी उभे राहा, चहाला जाऊ नका, चहाला गेलात की कात्री चालते. आणि निघताना ‘जुना इथेच राहू द्या, पाचशे कमी करतो’ असं म्हणाला तर हसून नाही म्हणा. तो चालू टेप, कापलेल्या ठोकळ्यासकट, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला विकायला तो ठेवून घेतोय. तुम्ही गाडी विकायला काढाल तेव्हा दलाल पहिलं तेच विचारेल, कंपनीचा टेप कुठंय.