ब्लँकेट-वाटपाचा फोटो यंदा का नाही



संक्रांतीच्या अंकात दरवर्षी एक फोटो असतो. ओळीत बसलेली म्हातारी माणसे, त्यांच्या हातात ब्लँकेट, ब्लँकेटच्या दुसर्‍या टोकाला आपले विद्यार्थी आणि सर्वांची तोंडे कॅमेर्‍याकडे. यंदा ब्लँकेटे वाटली, फोटो मात्र छापलेला नाही. काहींनी विचारणा केली, म्हणून हा खुलासा.

आपले इंदूर २०१७ पासून ओळीने सात वेळा देशातले सर्वात स्वच्छ शहर ठरले. त्याचा अभिमान मलाही आहे. पण याच शहरात २९ जानेवारी २०२१ रोजी, ऐन थंडीत, नगर निगमच्या गाडीत बेघर वृद्धांना सामानासकट भरून शहराबाहेर शिप्रा गावाजवळ उतरवून देण्यात आले होते. गावकर्‍यांनी हरकत घेतली, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना परत आणले. अधिकारी निलंबित झाला. मला त्यातले गावकरी जास्त लक्षात राहिले. त्यांना कोणी मूल्यशिक्षणाचा तास दिला नव्हता.

मग जानेवारी २०२५ पासून भीक देणार्‍यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, आजी मंदिराबाहेर पोळी देते, तिला पकडतील का?" भीक मागण्याचा धंदा चालवणार्‍या टोळ्या असतात, लहान मुलांना त्यात ओढले जाते, त्यामुळे अशा आदेशामागचे कारण मला कळते. पण भीक मागणारा आणि बेघर हे दोन शब्द आपण एकच करून टाकले आहेत, आणि मुले ते आपल्याकडूनच शिकतात. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त लोक बेघर नोंदले गेले. त्यातले कितीतरी मजुरी करतात, हातगाडी ओढतात, लग्नात भांडी घासतात, आणि रात्री फुटपाथवर झोपतात.

आपल्या आठवीच्या मुलांना हे पुस्तकातून कळले नाही. शाळेजवळच्या बंद दुकानाच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. एका मुलाच्या सायकलची चेन उतरली, ती त्यांनी बसवून दिली. मुलाने पाच रुपये पुढे केले. ते म्हणाले, "पैसे रहने दे बेटा, कल का अखबार हो तो दे देना." तेव्हापासून ही मुले रोज घरचा शिळा पेपर नेऊन देऊ लागली. हळूहळू कळले की ते एका मिलमध्ये सूत कातण्याच्या खात्यात होते, मिल बंद पडली, मग घरही राहिले नाही. मिल बंद पडणे म्हणजे काय हे इंदूरकरांना सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ साल उजाडले. हे गृहस्थ दुसर्‍या मिलचे.

मुलांनी ठरवले की त्यांचा वृद्धापकाळ पेन्शनचा अर्ज भरायचा. समग्र आयडी नाही, आधार हरवलेले. ते सगळे पुढे बघू म्हणून त्यांनी अर्ज हातात घेतला आणि पत्त्याच्या रकान्यापाशी थांबली. "मॅडम, इथे काय लिहायचे?" हा प्रश्न घेऊन ती माझ्या खोलीत आली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मुलांनी विचारलेला याहून चांगला प्रश्न मला आठवत नाही.

"बिचारा" म्हणणे आणि पत्ता काय लिहायचा याची काळजी वाटणे यात फार अंतर आहे. पहिले ब्लँकेट देऊन संपते. आपण महाराष्ट्र मंडळात गाडगेबाबांची जयंती करतो, मुलांच्या हातात खराटा देतो. पण बाबांनी खराट्याबरोबरच पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळाही उभ्या केल्या. त्यांच्या लेखी घाण झाडायची होती, माणसे नव्हे.

काही पालकांनी आक्षेप घेतला की अनोळखी माणसांशी मुलांनी बोलू नये. काळजी योग्य आहे, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. म्हणून यापुढे मुले एकटी जाणार नाहीत, शिक्षक सोबत असतील, आणि ज्यांच्या घरून नकार असेल त्यांना आग्रह होणार नाही. पण "त्या लोकांपासून लांब राहा" असे सरसकट शाळेने शिकवावे, हे मला मान्य नाही.

पत्त्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शहरी बेघरांच्या केंद्रीय योजनेत एक लाख वस्तीमागे एक निवारा असे प्रमाण ठरवलेले होते. निवार्‍याचा पत्ता अर्जावर चालेल का, याची मुले चौकशी करत आहेत. पालकांपैकी कोणी नगर निगममध्ये, बँकेत किंवा वकिलीत असतील तर त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास काढून यावे. आणि शिळे पेपर रद्दीत देण्याआधी एक-दोन ऑफिसात ठेवून जावेत. त्यांना मराठीही वाचता येते.