बाहुलीची साक्ष

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की निदान घरातच होते: ‘डोयात मोती पडला.’ उपायही घरातच ठरतो: ‘पिकू दे, मंग काढू.’ घाटावरचे चिखली–मेहकर असो की घाटाखालचे खामगाव–मलकापूर, ही दोन वाक्ये सगळीकडे सारखीच. माझा राग या ‘पिकू दे’वर आहे. मोतीबिंदू थांबतो हो, पण काचबिंदू थांबत नाही. त्यात डोळ्यामागची नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही.

माझे आजोबा समोरच्या माणसाचा चेहरा ओळखत, पण बाजूने आलेली बैलगाडी त्यांना दिसत नसे. चौकटीला खांदा लागे. वर्ष-दोन वर्षे ‘पिकू’ दिल्यावर एका शिबिरात मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली, उजेड काही आला नाही. मिळालेला कागद वाचणारे घरात कोणी नव्हते. मी कॉलेजात आल्यावर त्यावरचा इंग्रजी शब्द वाचला: ग्लॉकोमा, म्हणजेच काचबिंदू.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यात का पडावे, असे कोणी विचारील. मला वाट सापडली ती शब्दावरूनच. बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली म्हणतो. संस्कृतात कनीनिका, लॅटिनमध्ये पुपिला. दोन्हींच्या मुळाशी लहान मुलगीच. ही बाहुली साक्ष देते, आणि खोटी सहसा देत नाही.

एका डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात, कारण निरोप नसेतून मेंदूकडे जातो आणि हुकूम दोन्हीकडे सुटतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत बॅटरी दोन-तीन सेकंद एका डोळ्यावर, मग झटकन दुसऱ्यावर, अशी फिरवावी. ज्या बाजूची नस जास्त खराब, तिथे उजेड येताच बाहुली आकसलेली राहण्याऐवजी मोठी होऊ लागते. लेव्हॅटिन नावाच्या डॉक्टराने ही फिरत्या बॅटरीची पद्धत १९५९ साली मांडली. महत्त्वाचे असे की मोतीबिंदू कितीही दाट असला, डॉक्टरला मागची नस दिसेनाशी झाली, तरी बाहुली उत्तर देतेच. डोळ्याचा दाब २१ मिलिमीटरच्या आत असूनही काचबिंदू असणारी माणसे असतात; तिथेही ही साक्ष कामी येते.

एक उणीव आहे. दोन्ही नसा सारख्याच सुकल्या असतील तर बॅटरी फसते. काचबिंदू बहुधा एका डोळ्यात कमी, दुसऱ्यात जास्त असतो, म्हणून ही युक्ती चालते. आता तर कॅमेऱ्याची यंत्रे आली आहेत. बाहुली किती वेळाने हलली, किती आकसली, हे ती सेकंदाच्या अंशात मोजतात. लाल आणि निळा उजेड वेगवेगळा टाकूनही पाहतात. खेड्यात असले मोजमाप कोण करणार, असे म्हणू नये. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ या काळात कळमेश्वर तालुक्यातील ८ खेड्यांत तीस वर्षांवरील ४७११ माणसांचे डोळे तपासले. कळमेश्वर काही परदेशात नाही, आपल्याच विदर्भात आहे.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यात मोतीबिंदूवर भर राहिला, आणि लाखोंना दिसू लागले. त्याला कोण नावे ठेवील? माझी मागणी लहान आहे. शिबिरात बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकतात. एकदा ते पडले की बाहुली मुकी होते. तेव्हा थेंबाआधी प्रत्येकाच्या डोळ्यांवर बॅटरी फिरवावी, दिसले ते कार्डावर मराठीत लिहावे, आणि संशय असेल त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावे. यंत्र येईल तेव्हा येईल.

अंधारी खोली नाही म्हणाल, तर शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधता येतात. एन.एस.एस.ची आम्ही पोरे ते काम करू. बॅटरीचे सेलही आम्हीच आणू.