देवडीवरचा द्वारपाल

किल्ली हरवली म्हणून कोणी घर पाडायला काढीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसेही तो सल्ला निमूटपणे ऐकून घेतात. यंत्र सुरू झाले नाही, पडद्यावर काळ्यावर पांढरी चार अक्षरे उमटली, की दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आणि आपण मान डोलावतो!

या सदरात आजवर इस्त्रीपासून शिलाईयंत्रापर्यंत घरच्या पुष्कळ यंत्रांची दुखणी मी सांगितली. आज फराळाबरोबर हे जरा किचकट दुखणे घ्या.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी इमारत त्यांना 'बाई' म्हणते. त्यांच्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. ही प्रणाली फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रावरही सुखाने नांदते, म्हणून बाईंना ती मानवली. त्या यंत्रात नऊ वर्षे खपून त्यांनी आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवल्या होत्या. आई गेली, मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. उरले ते यंत्रात. ऐन नवरात्रात यंत्र उठेना. दुकानदाराने दोन मिनिटे पाहून निकाल दिला, "सगळं पुसून नवं टाकू. सोमवारी आणा."

बाई माझ्याकडे आल्या. "अगं, पुसायचं म्हणतो गं तो!" एवढेच म्हणाल्या.

मी वर गेले. पडद्यावर दोन ओळी होत्या : 'एरर : नो सच पार्टिशन', आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. त्या वाचून माझा जीव भांड्यात पडला. का, ते सांगते.

अशा जुन्या घडणीच्या यंत्राचे बटण दाबले, की आतली बायॉस नावाची व्यवस्था डिस्कचे अगदी पहिले पान उघडते. हे पान अवघ्या ५१२ बाइटांचे, म्हणजे पोस्टकार्डभर मजकुराचे. त्यातले ६४ बाइट डिस्कवरच्या कप्प्यांच्या यादीला जातात आणि शेवटचे २ खुणेला. उरलेल्या ४४६ बाइटांत द्वारपालाने बसायचे. या द्वारपालाला बूटलोडर म्हणतात. (स्वतःच्याच बुटाचा पट्टा धरून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून हा 'बूट' आला. चपला घालणाऱ्या आपल्या लोकांना तो चटकन उमगत नाही, यात नवल नाही.) लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर द्वारपालाचे नाव ग्रब. १९९५ साली तो प्रथम लिहिला गेला. एवढ्याशा जागेत तो करणार काय? मागे बसलेल्या थोरल्या भावाला हाक मारतो, झाले. थोरल्याजवळ एक पत्ता असतो : अमुक कप्प्यात जा, तिथे बाकीचा ग्रब आहे, तो लिनक्सला उठवील.

आता गोम पाहा. ६४ बाइटांच्या यादीत १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. चारांहून अधिक कप्पे हवे असतील तर एका कप्प्यात पोटभाडेकरू ठेवावे लागतात, आणि त्यांचे क्रमांक पाचापासून सुरू होतात. पाचवा भाडेकरू गेला, की सहावा आपोआप पाचवा होतो! बाईंच्या नातवाने त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या प्रणालीतून, जागा हवी म्हणून, पाच नंबरचा रिकामा कप्पा काढून टाकला होता. सहातले लिनक्स जागचे हलले नव्हते. फक्त त्याच्या दारावरचा आकडा बदलला. आणि बिचारा ग्रब 'खोली नंबर सहा' विचारीत चाळभर फिरत होता.

ओव्या जागच्या जागी होत्या. 'रेस्क्यू'च्या अवस्थेत ग्रबला मोजक्याच आज्ञा कळतात, पण तेवढ्या पुरतात. 'एलएस' लिहिले, त्याने कप्प्यांची नावे सांगितली. एकेकात डोकावले, पाचात 'बूट' आणि त्यात 'ग्रब' सापडला. मग 'सेट' या आज्ञेने 'रूट'ला हा नवा कप्पा आणि 'प्रीफिक्स'ला त्यातल्या ग्रबचा पत्ता दिला. 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. (हे सारे रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायचे.) नेहमीची यादी पडद्यावर आली, पाठोपाठ लिनक्स उठले.

एवढ्यावर थांबू नये. हा पत्ता तोंडी सांगितलेला. यंत्र बंद केले की द्वारपाल तो विसरतो. म्हणून लिनक्सच्या आत जाऊन 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा चालकाच्या अधिकाराने द्यायची आणि पुढे सबंध डिस्कचे नाव लिहायचे, कप्प्याचे नव्हे. पाटी चाळीच्या दारावर लावायची असते, खोलीवर नाही.

त्याआधी मी ओव्यांच्या दोन नकला दोन पेनड्राइव्हवर काढल्या. बाई तोवर उभ्याच होत्या. फाइल उघडली तेव्हा खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या; चहा निवला तरी मान वर केली नाही. नातू दाराआड घुटमळत होता. त्याला बोलावून मी चाळीचा हिशोब समजावला. पोरगा हुशार, लगेच म्हणाला, "मावशी, मग चौथ्याच्या आतलं मी काढलंच नसतं!"

ज्यांच्याकडे 'रेस्क्यू'ची ओळही उमटत नाही, त्यांनी शेजारच्या यंत्रावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्यावरून, काही न बसवता, लिनक्स चालते. डिस्कचे कप्पे उघडून आपले सामान दिसते. ते आधी बाहेर काढावे, मग द्वारपालाची दुरुस्ती. अलीकडच्या यंत्रांत ५१२ बाइटांचे पान नसून द्वारपालासाठी वेगळा लहानसा कप्पा असतो आणि त्याचे नाव यंत्राच्या स्वतःच्या यादीत नोंदलेले असते. तिथे पुष्कळदा बिघाड असतो तो नुसता यादीतल्या क्रमाचा. सेटिंगमध्ये शिरून नाव वर चढवले, की काम झाले. त्याला दुकानदाराची सोमवारची वेळ घ्यावी लागत नाही.