प्रश्न कोणी ठरवायचे?

दिवाळीच्या दिवसांत घराचा रोजचा क्रम बदलतो. पहाटेचे अभ्यंगस्नान, उटण्याचा वास, कोऱ्या कपड्यांची खरखर, फराळासाठी येणारी-जाणारी माणसे आणि अचानक फुटणारे फटाके हे सारे एकदमच अंगावर येते, आणि बहुतेकांना ज्यात सणाचा आनंद वाटतो तोच बदल ऑटिस्टिक व्यक्तीला असह्य होऊ शकतो. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, ही मेंदूच्या विकासाची जन्मापासूनची आणि आयुष्यभर राहणारी वेगळी घडण आहे. तिच्यात इतरांशी संवाद साधण्याची रीत निराळी असते, ठरलेल्या क्रमाची गरज मोठी असते, एखाद्या विषयाची ओढ फार खोल असते, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श व वास यांच्या संवेदना अतितीव्र किंवा अतिमंद असू शकतात. तिची रूपे इतकी भिन्न आहेत की एखादी व्यक्ती तोंडाने बोलत नाही आणि तिला दिवसभर सोबत लागते, तर दुसरी पदवी घेऊन नोकरी करते आणि तरीही बाजारातल्या गोंगाटाने संध्याकाळपर्यंत पार थकून जाते. फटाक्याच्या आवाजाला कायद्याने ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, परंतु त्या मर्यादेतला आवाजही अशा कानांना वेदना देऊ शकतो; म्हणून शेजाऱ्यांनी आधी सांगून फटाके वाजवणे, किंवा त्या गल्लीत ते न वाजवणे, ही साधी असली तरी खरी मदत आहे.

अशी मदत कोणती, हे ठरवण्याचा अधिकार मात्र आजवर ऑटिस्टिक व्यक्तींकडे फारसा आलेला नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या घडणीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असा निराधार दोष मातांवर लादला गेला. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझमला जागा नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती दिली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती पक्की झाली. २०११ च्या जनगणनेत मात्र ऑटिझमचा स्वतंत्र रकानाच नव्हता, त्यामुळे उदाहरणादाखल बुलढाणा जिल्हा घेतला, तर त्यातील २५,८६,२५८ लोकांमध्ये ऑटिस्टिक व्यक्ती किती, याचे उत्तर त्या मोजणीतून मिळत नाही. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी होऊन २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत हे प्रमाण शंभरात एक किंवा किंचित अधिक आढळले. तेच प्रमाण सर्व वयांना लावले तर या जिल्ह्यात पंचवीस हजारांच्या आसपास माणसे निघतील. हा केवळ ढोबळ हिशेब आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा आकडा तो नाही.

मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यात, ‘संगत’ या संस्थेने केलेले काम येथे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांच्या हातून दिली जाणारी एक पद्धत गोवा आणि रावळपिंडी येथील कुटुंबांच्या जगण्याला जुळेल अशी बदलून घेण्यात आली, आणि तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी ती पालकांपर्यंत पोहोचवली. आईवडिलांनी मुलाशी खेळताना त्याच्या लक्षाच्या मागे कसे जावे, हे त्यात शिकवले जाते. ६५ मुलांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाणारा झाल्याचे आणि मूल स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागल्याचे दिसले, मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ कमी झाल्याचेही संशोधकांनी लपवले नाही. जिथे बालमनोविकारतज्ज्ञ सहज भेटत नाही अशा जिल्ह्यासाठी या प्रयोगाचे मोल फार मोठे आहे, कारण बदलाची सुरुवात मुलाने सामान्य दिसावे यापासून न होता मोठ्यांनी त्याला समजून घ्यावे यापासून होते.

प्रश्न ऑटिस्टिक व्यक्तींनीच ठरवण्याची पुढची पायरी मात्र उरतेच. ब्रिटनमधील ऑटिझम-संशोधनावरील खर्चाचा आढावा २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक निधी जीवशास्त्र, मेंदू आणि आकलन यांवर जात असल्याचे, आणि ऑटिस्टिक व्यक्ती व त्यांच्या कुटुंबांना ज्या रोजच्या सेवांची निकड वाटते त्यांच्या वाट्याला अगदी थोडा येत असल्याचे दिसले. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की गैरसमज दुहेरी असतो, म्हणजे ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन जितके कळत नाही तितकेच इतरांनाही त्याचे कळत नाही. आणि पुढे एडिनबरो येथे संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी माणसांची साखळी करून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली, तेव्हा केवळ ऑटिस्टिक व्यक्तींची साखळी इतरांच्या साखळीइतकीच नेमकी ठरली, आणि गळती झाली ती दोन्ही प्रकारची माणसे एकाच साखळीत मिसळल्यावर. प्रश्न विचारणाऱ्यांत ऑटिस्टिक माणूस आला म्हणूनच गैरसमज एकाच बाजूचा आहे का, हा प्रश्न सुचला, हे विसरता येत नाही.

वर ज्याचा हिशेब केला त्या बुलढाण्यात घाटावर आणि घाटाखाली अशी दोन जगे आहेत. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या आईला मुलाच्या प्रमाणपत्रासाठी घाट चढून जिल्ह्याच्या गावी यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि सोयाबीनची सोंगणी किंवा कापूस वेचणी चालू असेल तर तो दिवस निघतच नाही. तेथे लावली जाणारी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरते. तिच्यातले प्रश्न प्रमाण मराठीत विचारले गेले तर वऱ्हाडी बोलणाऱ्या घराला, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्तीला तर अधिकच, ते नीट उमगतील याची खात्री देता येत नाही. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मानसिक त्रासातल्या माणसांना घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. ऑटिझम हा मनोविकार नव्हे, पण ज्यांना कोणी समजावून सांगितले नाही ती माणसे जिथे आसरा मिळेल तिथे जाणारच, आणि त्यांना अंधश्रद्ध म्हणून झिडकारण्याने त्यांच्या मुलाचा एकही दिवस सुकर होत नाही.

या जिल्ह्यात पाहणी व्हायची असेल तर ती मुलांवर थांबू नये, कारण चाळिशीतली जी माणसे घरातल्या एका खोलीत राहतात, शेतात एकाच ठरलेल्या कामात रमतात किंवा गावात ‘येडं’ म्हणून हिणवली जातात, त्यांच्यापैकी किती ऑटिस्टिक आहेत हे कोणी विचारलेलेच नाही. जी व्यक्ती बोलत नाही तिच्यासाठी चित्रे, लिहिण्याचा फळा, होय-नाहीच्या खुणा आणि मुख्य म्हणजे पुरेसा वेळ ठेवता येतो. पालकाचे म्हणणे महत्त्वाचे असले तरी ते त्या व्यक्तीच्या म्हणण्याच्या जागी धरले जाऊ नये, आणि तिने मान फिरवली तर तो नकार समजावा. शाळेत कोणता आवाज सोसवत नाही, एसटीच्या गर्दीत काय होते, आईवडिलांच्या पश्चात कोणाजवळ राहायचे, हे प्रश्न तिच्याकडूनच यादीत यावेत. शेवटच्या प्रश्नाशी निगडित असलेले कायदेशीर पालक नेमण्याचे अधिकार राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे दिलेले आहेत, तेव्हा अशा पाहणीचा आराखडा त्या समितीसमोर ठेवावा, त्यात सहसंशोधक म्हणून घेतलेल्या ऑटिस्टिक व्यक्तींना इतरांइतकेच मानधन धरावे, आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात जाण्याआधी ज्या गावांतून माहिती घेतली त्या गावांच्या ग्रामसभांत, तेथल्या बोलीत, वाचून दाखवावेत.