विजयाची गाणी आणि गाण्यांतून निसटलेली माणसे

१/ अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १८१२ च्या युद्धावर रचलेली गाणी अमेरिकेतील लोकगायक आजही गातात. ती कशी गावीत, याविषयीचा हा धागा. माझे मत आरंभीच मांडतो : ही गाणी अवश्य गावीत, पण एकेकटी गाऊ नयेत.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश नौदल अमेरिकी जहाजांवरील खलाशांना बळाने आपल्या चाकरीत जुंपत होते आणि व्यापाराचीही कोंडी करत होते. शिवाय अमेरिकेच्या काही पुढाऱ्यांचा कॅनडावर डोळा होता. जून १८१२ मध्ये युद्ध पेटले. २४ डिसेंबर १८१४ रोजी घेंट येथे तहावर सह्या झाल्या. पण ती वार्ता अटलांटिक ओलांडण्यापूर्वीच, ८ जानेवारी १८१५ रोजी, न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली. अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेपुढे ब्रिटिशांचे सुमारे २,००० सैनिक मृत, जखमी वा बंदिवान झाले. सेनापती पॅकेनहॅमही पडला.

३/ या विजयावर सॅम्युएल वुडवर्थने ‘द हंटर्स ऑफ केंटकी’ हे गीत रचले. १८२२ मध्ये नट नोआ लडलोने ते न्यू ऑर्लिन्सच्याच रंगमंचावर शिकाऱ्याच्या वेशात, हाती रायफल घेऊन गायले आणि प्रेक्षागृह दणाणून सोडले. केंटकीच्या अचूक नेमबाजांनी ब्रिटिशांना लोळवले, हा त्या गीताचा गाभा.

४/ प्रत्यक्षात काय घडले? केंटकीहून आलेल्या बहुसंख्य शिपायांकडे बंदुकाच नव्हत्या. नदीच्या पश्चिम तीरावरची त्यांची तुकडी तर मागे हटली आणि त्याबद्दल खुद्द जॅक्सनने त्यांना दोष दिला. ब्रिटिशांची सर्वाधिक हानी तोफांनी केली. त्या फळीत स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या दोन पलटणी होत्या, चोक्टॉ योद्धे होते आणि जाँ लाफीतचे चाचे तोफा चालवत होते. गीत मात्र गौरव करते तो शिकाऱ्यांचा.

५/ या वगळण्याची किंमत जबर होती. १८२८ च्या निवडणुकीत जॅक्सनच्या समर्थकांनी हेच गीत प्रचारासाठी वापरले आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला. १८३० मध्ये त्याने मूलनिवासींच्या स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याखाली मिसिसिपी नदीपलीकडे घालवलेला पहिला मोठा समाज चोक्टॉंचा होता. ज्यांनी जॅक्सनच्या बाजूने शस्त्र धरले त्यांनाच आपली भूमी सोडावी लागली. एका गीताने हे घडवले, असे मी म्हणणार नाही. पण ज्यांचे नाव स्मृतीतून गळते, त्यांचे ऋण विसरणे सोपे जाते.

६/ पुढे आर्कान्सातील शिक्षक जिमी ड्रिफ्टवुडने विद्यार्थ्यांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून, ‘एट्थ ऑफ जानेवारी’ या जुन्या फिडलच्या चालीवर याच लढाईचे नवे गाणे बांधले. १९५९ मध्ये जॉनी हॉर्टनच्या आवाजात ते अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचले. रणभूमीवरचा संहार आता खेळकर विनोद झाला होता. शिक्षकाचा हेतू उत्तमच. पण पायांना ठेका मिळाला की मनातला प्रश्न गप्प होतो.

७/ मग उपाय काय? याच युद्धाचे दुसरे गाणे शेजारी ठेवावे. पेनसिल्व्हेनियाचा पत्रकार चार्ल्स मायनर याने रचलेले ‘जेम्स बर्ड’ घ्या. बर्ड १८१३ च्या लेक ईरीच्या लढाईत शौर्याने लढून जखमी झाला. पुढे पळून गेल्याच्या आरोपावरून १८१४ मध्ये त्याच्याच बाजूने त्याला गोळ्या घातल्या. किंवा डेट्रॉईट जिंकणाऱ्या आयझॅक ब्रॉकचे कौतुक करणारे कॅनडाचे ‘कम ऑल यी बोल्ड कॅनेडियन्स’ घ्या. त्यात आक्रमक आहेत ते अमेरिकी.

८/ खुद्द अमेरिकेचे राष्ट्रगीतही याच युद्धाचे. सप्टेंबर १८१४ मध्ये फोर्ट मॅकहेन्रीवरचा मारा पाहून फ्रान्सिस स्कॉट कीने ते लिहिले. त्यात उल्लेखिलेले अग्निबाण ब्रिटिशांचे काँग्रीव्ह बाण. त्यांची प्रेरणा म्हैसूरच्या फौजेचे अग्निबाण. सहसा न गायल्या जाणाऱ्या तिसऱ्या कडव्यात गुलामांचा उल्लेख येतो. त्याच्या अर्थावर वाद आहे. पण या युद्धात हजारो गुलाम ब्रिटिशांच्या आश्रयाला जाऊन मुक्त झाले, यावर नाही.

९/ कोणी म्हणेल, गाणे म्हणजे काही बखर नव्हे. शाहिराला तळटीपा कशाला मागता? आक्षेप रास्त आहे. पोवाड्यांवर वाढलेल्या आपल्याला तो पटकन पटतो. गीताचे शब्द बदलावेत असे मी म्हणतच नाही. तसे केल्यास मूळ साधनच नासेल. १८२२ च्या श्रोत्यांना काय ऐकायचे होते, याचा अस्सल पुरावा ते अतिशयोक्त शब्दच आहेत.

१०/ गायकाकडून अपेक्षा एवढीच : सुरुवातीला दोन वाक्ये बोलावीत. गीत कोणी रचले, कोणासाठी रचले आणि त्यात कोण नाही, एवढे सांगावे. मग खुशाल कंठ मोकळा सोडावा. ‘हंटर्स ऑफ केंटकी’नंतर लगेच ‘जेम्स बर्ड’ ऐकणारा श्रोता टाळ्या वाजवताना क्षणभर थबकेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो थबकलेला क्षण हवा असतो.

तुमच्या ऐकण्यातल्या एखाद्या युद्धगीतात कोण नाही? शोधून खाली लिहा.