कोंबड्या कोंडायच्या कशाला?

मंडळी, आमच्या पुण्याच्या भाच्याचा हुकूम आलाय, "मामा, कोंबड्या दिवसभर जाळीत ठेवा, मुंगूस नेतं."

नेतं, मान्य. पण मुंगसाचा आणि घारीचा डोळा मुख्यतः पिलांवर. म्हणून तर कोकणात पिलं जरा मोठी होईपर्यंत डालग्याखाली ठेवतात. मोठ्या कोंबडीचा घात बहुधा रात्री होतो, रानमांजराकडून नाहीतर कुत्र्याकडून. त्यासाठी तिन्हीसांजेला खुराड्याचं दार घट्ट लावायचं. तिला हाकलत आणावंही लागत नाही, अंधारू लागलं की आपणहून आत जाते. (आमचे विद्यार्थी घंटा होऊनही येत नसत!)

कोंबडीला दिवसभर उकरायचं असतं. वाळवी, किडे टिपायचे, उन्हात मातीत लोळून पिसांतल्या उवा झाडायच्या. दाटीत कोंडून हे बंद केलंत की ती दुसरीची पिसं उपटते. मग आपण म्हणणार, जातच भांडखोर! पिंजऱ्यांच्या पोल्ट्रीत त्यावर उपाय म्हणून चोची कापतात. तिथे एका कोंबडीच्या वाट्याला टाईपच्या कागदाएवढीसुद्धा जागा नसते. हे परसात आणायचं?

राहिला बर्ड फ्लू. २००६ साली नवापूरला तो सापडला तो मोठ्या पोल्ट्रींत. आसपास साथ असेल तेव्हा कोंडाव्याच, वाद नाही. पण एरवी बारा महिने?

शेजाऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे, मिरचीची रोपं उकरली जातात. तर जाळी वाफ्याला लावू. खर्च माझा. शनिवारी बाजारात जाणारच आहे, किती फूट लागेल तेवढं मोजून ठेवा.